वाचकांचे प्रश्न : काउंटीचं नवं जेल उभं राहताना

अमेरिकेतल्या वाचकांची या वेळची बरीच पत्रं एकाच विषयावर आली आहेत. कुणाच्या काउंटीत नव्या जेलसाठी मतदान आहे, कुणी त्या कामावर इंजिनिअर आहे, कुणाचं माणूस जुन्या जेलमध्ये आहे. उत्तरांआधी एवढं सांगायला हवं की काउंटी जेल हे राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगापेक्षा वेगळं असतं. ते बहुतेक ठिकाणी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ताब्यात असतं आणि त्यात मुख्यतः खटला चालायचा आहे असे कच्चे कैदी असतात, शिवाय साधारण वर्षाच्या आतली शिक्षा झालेले. २०२३ च्या मध्याला देशभरच्या अशा स्थानिक जेलांमध्ये सुमारे ६ लाख ६४ हजार लोक होते आणि त्यांतल्या दहापैकी साताजणांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. त्याआधीच्या वर्षभरात आत घेतल्याच्या नोंदी मात्र तब्बल ७६ लाख. इतकी ये-जा असलेली इमारत कशी आखायची, हाच खरा प्रश्न आहे.

प्रश्न : नोव्हेंबरात आमच्या काउंटीत नव्या जेलच्या बाँडवर, म्हणजे बांधकामासाठी काढायच्या कर्जावर, मतदान आहे. शेरीफ ४०० खाटा मागतात, विरोधक म्हणतात २५० खूप झाल्या. सामान्य मतदाराने कुणाचं खरं मानायचं?
— एक वाचक, इंडियाना

दोघांकडेही हिशेब मागा. खाटांचा आकडा दोन गोष्टींतून निघतो : वर्षात किती जणांना आत घेतलं, आणि प्रत्येक जण सरासरी किती दिवस राहिला. या दोन्हींचा गुणाकार करून ३६५ ने भागलं की रोजची सरासरी संख्या मिळते. समजा, वर्षाला ६,००० बुकिंग, म्हणजे आत घेतल्याच्या नोंदी, होतात आणि सरासरी मुक्काम १४ दिवसांचा आहे. ८४,००० भागिले ३६५, म्हणजे रोज २३० माणसं.

पण सरासरीवर जेल बांधून चालत नाही, कारण गर्दीच्या दिवशी माणसं जमिनीवर झोपवावी लागतात. म्हणून प्रत्येक महिन्यातल्या सर्वाधिक गर्दीच्या दिवसांचे आकडे घेऊन ते सरासरीच्या किती वर जातात ते काढतात. ते १२ टक्के वर जात असतील, तर २३० चे २५८ होतात. त्यानंतर वर्गवारी. बायकांच्या विभागात सहा खाटा रिकाम्या आहेत म्हणून तिथे पुरुषांना ठेवता येत नाही. एकाच गुन्ह्यातले दोन आरोपी, हिंसक आणि किरकोळ गुन्ह्यातले, आजारी आणि धडधाकट, सगळे वेगळे ठेवावे लागतात. म्हणून ८५ टक्के खाटा भरल्या की जेल भरलं असंच नियोजनात धरतात. २५८ ला ०.८५ ने भागा, उत्तर येतं ३०४.

आता हाच हिशेब मुक्काम १२ दिवसांचा धरून करा. २३० च्या जागी १९७ येतात, गर्दी धरून २२१, वर्गवारी धरून २६०. मुक्काम दोन दिवसांनी कमी झाला आणि ४४ खाटा वाचल्या, जवळजवळ एक अख्खा विभाग. आत येणारी माणसं तेवढीच. हे दोन दिवस कुठून येतात? शनिवार-रविवारीही न्यायाधीशांसमोर पहिली हजेरी होते का, आरोपीला सरकारी खर्चाने मिळणारा वकील किती दिवसांत नेमला जातो, प्रोबेशनच्या, म्हणजे देखरेखीखालच्या सुटकेच्या, अटी मोडल्याची सुनावणी किती लांबते, खटल्याला उभं राहण्याइतकी मानसिक स्थिती आहे का हे तपासायला राज्याच्या रुग्णालयात जागा मिळेपर्यंत माणूस किती आठवडे जेलमध्ये पडून राहतो. यांतलं काहीच शेरीफच्या हातात नाही. म्हणून न्यायाधीश, अभियोक्ता, बचाव वकिलांचं कार्यालय आणि काउंटी कमिशनर एका टेबलाशी बसल्याशिवाय निघालेला खाटांचा आकडा माझ्या मते विश्वासाचा नसतो.

एक फसगत टाळा. 'सरासरी मुक्काम' दोन तऱ्हांनी काढता येतो. वर्षभरात सुटलेल्यांची यादी घेतली तर दोन-तीन दिवसांत जामिनावर गेलेल्यांचीच गर्दी दिसते. तेच एखाद्या मंगळवारी आत असलेल्यांची यादी घेतली, तर महिनोन् महिने खटल्याची वाट बघणारे थोडे लोक बऱ्याच खाटा अडवून बसलेले दिसतात. दोन्ही याद्या मागा, किमान तीन वर्षांच्या. आणि मागची दहा वर्षं संख्या चढत गेली म्हणून पट्टी धरून पुढची वीस वर्षं तशीच रेघ ओढली असेल, तर तो अहवाल परत पाठवण्याच्या लायकीचा समजा.

प्रश्न : माहितीपत्रकात बांधकामाचा खर्च छापलाय. चालवण्याचा खर्च कुठेच नाही. तो कसा काढायचा?
— एक वाचक, ओरेगन

तुमच्याच राज्यातलं उदाहरण घ्या. पोर्टलंडच्या मल्टनोमा काउंटीतल्या मतदारांनी १९९६ मध्ये वापाटो जेलसाठी बाँड मंजूर केले. त्याच सुमारास, १९९६ आणि १९९७ मध्ये, मालमत्ता करावर मर्यादा घालणारे प्रस्तावही राज्यात मंजूर झाले. ५२५ खाटांचं जेल २००४ मध्ये बांधून तयार झालं, सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर खर्च झाले, आणि चालवायला पैसे नाहीत म्हणून तिथे एकही कैदी कधी राहिला नाही. २०१८ मध्ये काउंटीने ते विकून टाकलं. वॉशिंग्टनच्या थर्स्टन काउंटीचं नवं जेल २०१० मध्ये तयार झालं, उघडलं २०१५ मध्ये, कारण तेच. बाँडचा पैसा भिंतींना वापरता येतो, पगाराला नाही.

पगाराचा हिशेब असा. जेलमध्ये 'पोस्ट' म्हणजे जिथे माणूस हवाच अशी जागा. चोवीस तासांच्या एका पोस्टला वर्षात ८,७६० तास माणूस लागतो. एक डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा कर्मचारी, कागदावर वर्षाला २,०८० तास काम करतो. त्यातून रजेचे १२०, आजारपणाचे ७२, सणांचे ८८, प्रशिक्षणाचे ४० आणि दुखापत, लष्करी किंवा कौटुंबिक रजेचे ४० तास वजा केले तर उरतात १,७२०. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमच्या काउंटीच्या हजेरीपटावरून खरे काढा. ८,७६० ला १,७२० ने भागलं की ५.०९ येतात. एका खुर्चीमागे पाचांहून जास्त माणसं.

नकाशात अशा १४ पोस्ट असतील तर ७२ जण लागतील. रजा वजा न करता थेट २,०८० ने भागणाऱ्याला मात्र ५९ च दिसतात. ते तेरा जण बजेटमध्ये नाहीत, पण पोस्ट तर रिकामी ठेवता येत नाही. मग सक्तीचा ओव्हरटाइम लागतो, दमलेली माणसं नोकरी सोडतात, उरलेल्यांवर आणखी ओव्हरटाइम येतो. नवी जेलं पहिल्या दोन वर्षांत अडचणीत येतात ती बहुतेकदा या भागाकारामुळे. नियोजनकारांचा ढोबळ अंदाज असा की तीस वर्षांच्या एकूण खर्चात बांधकाम दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतं. म्हणून नकाशावर एखादी भिंत हलवून एक पोस्ट वाचत असेल, तर त्या भिंतीला लागतील तेवढे पैसे द्यावेत.

बांधकामाचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. डेट्रॉइटच्या वेन काउंटीने २०११ मध्ये सुरू केलेलं ३० कोटी डॉलरचं जेल खर्च हाताबाहेर गेल्यामुळे २०१३ मध्ये अर्ध्यात थांबवलं. पुढे जागाच बदलली आणि नवं जेल सुरू व्हायला २०२४ उजाडलं.

प्रश्न : जास्तीच्या खाटा यू. एस. मार्शल्सना भाड्याने देऊन कर्ज फिटेल, असं आमचे कमिशनर सांगतात. खरं आहे का?
— एक वाचक, ओक्लाहोमा

मार्शल्स सर्व्हिस, म्हणजे केंद्राच्या खटल्यांतले कैदी सांभाळणारी संस्था, काउंटीशी करार करून दर माणशी, दर दिवशी दर देते हे खरं. पण अमुक इतकी माणसं पाठवूच, अशी हमी त्यात सहसा नसते. संख्या घटली की उत्पन्न त्याच महिन्यात थांबतं, बाँडचा हप्ता आणि पगार चालूच राहतात. मधल्या काळात रिकाम्या खाटा भाड्याने दिल्या तर हरकत नाही, पण त्या भाड्याच्या भरवशावर जेल मोठं बांधू नये.

प्रश्न : मी आर्किटेक्ट आहे, आजवर रुग्णालयं केली. आता जेलच्या कामावर आहे. एका विभागात किती माणसं ठेवावीत? आणि डेप्युटी काचेच्या बूथमध्ये असावा की कैद्यांमध्ये?
— एक वाचक, टेक्सास

जुन्या जेलांत एका बोळाच्या कडेने कोठड्यांची रांग असते आणि पहारेकरी अधूनमधून फेरी मारतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये आत काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. दुसरी तऱ्हा बूथची : मधल्या डे-रूमभोवती, म्हणजे कैद्यांच्या दिवसा बसायच्या मोठ्या खोलीभोवती, कोठड्या आणि काचेमागे पहारेकरी. त्याला दिसतं, पण ऐकू येत नाही, आणि भांडण सुरू झालं की तो मदत बोलावतो. तिसरी तऱ्हा थेट देखरेखीची. डेप्युटी पूर्ण पाळी कैद्यांमध्ये, उघड्या डेस्कवर. १९७० च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्क, शिकागो आणि सॅन डिएगोच्या केंद्रीय जेलांत ही पद्धत आली. काउंटीच्या पातळीवर ती पहिल्यांदा कॅलिफोर्नियात कॉन्ट्रा कोस्टा काउंटीच्या मार्टिनेझच्या जेलने, जानेवारी १९८१ मध्ये, आणली.

आमचं मत स्पष्टपणे तिसऱ्या बाजूने आहे. माणूस समोर असला की तणाव वाढतोय हे तो आवाजावरून ओळखतो, आणि मारामारी होण्याआधी बोलून मिटवू शकतो. विभाग ४८ ते ६४ जणांचा असावा. तुमच्या टेक्सासच्या नियमात ४८ कैद्यांमागे किमान एक अधिकारी लागतो. त्यामुळे ५६ चा विभाग आखलात तर एका जास्तीच्या पोस्टला आमंत्रण द्याल. आधी नियम वाचा, मग पेन्सिल उचला.

डे-रूमला दर माणशी ३५ चौरस फूट धरतात, म्हणजे ४८ जणांना १,६८० चौरस फूट, जिने आणि कोठड्यांपुढची जाण्यायेण्याची जागा सोडून. डेस्कवरून प्रत्येक कोठडीचं दार दिसायला हवं. वरच्या मजल्याचा कठडा आणि जिन्याखालचा कोपरा इथे नजर अडते, तेव्हा नकाशावर डेस्कपासून प्रत्येक दारापर्यंत रेघा ओढून पाहा, आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची धरून उभ्या छेदाच्या नकाशातही पाहा. शॉवर मात्र विरुद्ध लिंगाच्या कर्मचाऱ्याला उघडे दिसता कामा नयेत. लैंगिक अत्याचार रोखण्याच्या २००३ च्या कायद्याखालच्या मानकांत ते आहे. अर्धं दार किंवा आडोसा अशा उंचीचा ठेवा की डोकं आणि पाय दिसतील, मधलं शरीर नाही. वरच्या मजल्यावरून खाली बघूनही हे तपासा, तिथेच बहुतेक नकाशे चुकतात. अठराच्या आतली मुलं प्रौढांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहणार नाहीत अशी सोय याच टप्प्यात करा.

आवाजाकडे रुग्णालयापेक्षा जास्त लक्ष द्या. काँक्रीट, पोलाद, काच आणि ४८ माणसं एकत्र आली की डेस्कवरच्या माणसाला समोरच्याचं बोलणं कळत नाही, मग तो हळूहळू डेस्क सोडून कोपऱ्यात उभा राहायला लागतो, आणि थेट देखरेख नावापुरती उरते. छताला ध्वनी शोषणारे मजबूत पॅनल लावा आणि खर्चकपातीच्या बैठकीत ते पहिल्यांदा कापले जातात हे आधीच ओळखून ठेवा. जमिनीला बोल्ट केलेल्या पोलादी बाकांऐवजी साधं, जड, टिकाऊ फर्निचर चालतं. शिस्तभंग केलेल्यांच्या आणि कमाल सुरक्षेच्या विभागात ते चालणार नाही.

ही पद्धत फसते ती बहुधा नकाशामुळे नाही. जुन्या बूथमधल्या माणसाला चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन डेस्कवर बसवलं, की तो भिंतीला पाठ लावून उभा राहतो. ४८ जणांशी बोलत विभाग चालवणं हे वेगळं कौशल्य आहे.

प्रश्न : एका कोठडीत नेमकं काय काय लागतं? आमच्याकडे प्रीकास्ट मॉड्यूल वापरायचं ठरतंय.
— एक वाचक, ओहायो

साधारण ७० ते ८० चौरस फुटांची कोठडी. त्यात एक किंवा दोन खाटा, स्टेनलेस स्टीलचं शौचकूप-बेसिन एकत्र असलेलं युनिट, लिहायला फळी, दिवा, खिडकी, इंटरकॉम. अमेरिकन करेक्शनल असोसिएशनच्या मानकात एकट्याच्या कोठडीत ३५ चौरस फूट जागा सामानाशिवाय मोकळी हवी. राज्याचे नियम वेगळे असतील तर ते आधी.

प्रीकास्टमध्ये कोठडी कारखान्यात ओतून, रंगवून, काही वेळा भांडी आणि खिडकीसकट येते. काम झपाट्याने होतं, पण प्रत्येक वायरची नळी, प्रत्येक खाच ओतण्याआधी ठरलेली हवी. इंटरकॉमचा डबा राहून गेला तर पुढे शंभर कोठड्यांत काँक्रीट कोरावं लागतं. म्हणून एक नमुना कोठडी आधी मागवा आणि त्यात डेप्युटी, नर्स, प्लंबर आणि सफाईवाला यांना प्रत्येकी तासभर सोडा. प्लंबिंगचा बोळ कोठडीमागे ठेवा, म्हणजे तुंबलेलं शौचकूप काढायला प्लंबरला कोठडीत शिरावं लागणार नाही आणि कैद्याला बाहेर हलवावं लागणार नाही. फ्लशला इलेक्ट्रॉनिक नियंत्रण लावा. नाहीतर चादर टाकून सतत फ्लश करत एक माणूस खालचा मजला बुडवू शकतो. मुख्य सांडपाण्याच्या वाहिनीवर कचरा दळणारा ग्राइंडर हवा. चादरी, कपडे, वेष्टनं सगळं त्यात येतं.

आता सर्वांत गंभीर भाग. स्थानिक जेलांमधल्या मृत्यूंचं एकटं सर्वांत मोठं कारण वर्षानुवर्षं आत्महत्या हेच राहिलं आहे, आणि आत आल्यानंतरचे पहिले दिवस जास्त धोक्याचे असतात. म्हणून कोठडीत कापड अडकवता येईल अशी जागा नको. हवेच्या जाळीची भोकं ३/१६ इंचांहून मोठी नकोत. खाट म्हणजे फटी, पाय किंवा भोकं नसलेला भरीव चौथरा. टॉवेलचा हूक वजन पडताच खाली वळणारा. आगीच्या वेळी पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरचं डोकं जेलसाठीच बनवलेलं, वजनाने निसटणारं. अपंगांच्या कोठडीतली आधाराची दांडी भिंतीपर्यंत पट्टीने बंद केलेली. सांधे न कोरता येणाऱ्या सिक्युरिटी सीलंटने भरलेले. आणि कॅमेरा लावला म्हणून प्रत्यक्ष फेरी कमी करू नका. पडद्यावर साठ चौकटी बघणाऱ्याला एक चौकट नेमक्या वेळी दिसेलच असं नाही.

दार आणि काच एकाच ताकदीची हवी. दारांसाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ-१४५० मानकात चार दर्जे आहेत. पहिल्या दर्जाचं दार ६०० प्रहार, म्हणजे सुमारे तासभराची तोडफोड, सोसतं. चौथ्या दर्जाचं १००. पहिल्या दर्जाच्या दारात दहा मिनिटांची काच बसवली, तर दारही दहा मिनिटांचंच झालं. आणखी एक : एकूण कोठड्यांपैकी किमान ३ टक्के, आणि निदान एक, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला वापरता येणाऱ्या हव्यात. त्या सगळ्या एकाच विभागात कोंबू नका, वेगवेगळ्या वर्गवारीत विखरा.

प्रश्न : आग लागली तर कोंडलेल्या माणसांना कोण सोडवतं?
— एक वाचक, न्यू जर्सी

पहिला मार्ग बाहेर पळण्याचा नसतो, आडव्या सरकण्याचा असतो. इमारत धूर अडवणाऱ्या भिंतींनी भागांत विभागलेली असते. आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे आयबीसीत, झोपण्याच्या प्रत्येक मजल्याचे किमान दोन भाग लागतात आणि एका भागात २०० हून जास्त कैदी चालत नाहीत. धूर झालेल्या भागातून लोकांना शेजारच्या भागात नेतात. स्प्रिंकलर सगळीकडे. विजेवरची कुलपं आपत्कालीन विजेवर चालतात आणि ती बंद पडली तर हाताच्या किल्लीने उघडता यायला हवीत. ती किल्ली अंधारात, धुरात, बोटांनी चाचपून ओळखता आली पाहिजे, म्हणून तिच्या डोक्याला खाच पाडतात. ही किल्ली तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेली असेल तर सगळा खर्च वाया.

प्रश्न : आमचं नवं जेल चौदा महिन्यांत उघडणार आहे आणि मला हस्तांतर पथकात, म्हणजे जुन्यातून नव्या जेलमध्ये जाण्याची तयारी करणाऱ्या पथकात, घेतलंय. सुरुवात कुठून करू?
— एक डेप्युटी, जॉर्जिया

उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. हे काम अठरा ते चोवीस महिने आधी सुरू व्हावं असं मानतात. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ करेक्शन्स या केंद्रीय संस्थेचं नवी जेलं उघडण्याबद्दलचं साहित्य मागवा. मग तुमच्या शेरीफला सांगा की पथकातल्या मुख्य माणसाला जुन्या जेलच्या ड्यूटीतून पूर्ण मोकळं करा. पाळी सांभाळून फावल्या वेळात हे होत नाही.

पहिलं काम कागदाचं. बुकिंग, जेवण, औषधं, भेटी, धुलाई, कोर्टात नेणं, सुटका : प्रत्येक काम नव्या इमारतीत पायरीपायरीने कसं होणार ते लिहा. जुन्या जेलची नियमावली नाव बदलून वापरू नका, कारण दारं, अंतरं आणि माणसं तिघंही बदलली आहेत. बुकिंगकडे जास्त वेळ द्या, सगळी ये-जा तिथूनच होते. गस्तीची गाडी सॅलीपोर्टमध्ये, म्हणजे दोन दारांमधल्या बंदिस्त जागेत, आली, मागचं दार बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही, पोलिसाने हत्यार लॉकरमध्ये ठेवलं, नर्सने पहिली तपासणी केली, आजारी माणसाला थेट रुग्णालयात धाडलं, आत्महत्येच्या धोक्याचे प्रश्न विचारले, मग सामान, फोटो, बोटांचे ठसे. नशेतल्या माणसाची खोली बुकिंग डेस्कच्या अगदी समोर हवी. आलेले आणि सुटणारे एकाच रांगेत आले तर रात्री दोन वाजता तिथे गोंधळ ठरलेला. यातून प्रत्येक पोस्टचा लेखी आदेश तयार होतो : या खुर्चीवर बसणाऱ्याने तासातासाला काय करायचं, कुणाला कळवायचं, पोस्ट कधी सोडायची नाही.

भरती आत्ताच काढा. पार्श्वभूमीची तपासणी आणि अकादमीतलं प्रशिक्षण यांत महिने जातात. आणि कंत्राटदाराने इमारत ताब्यात दिल्यापासून पहिला कैदी येईपर्यंत साठ ते नव्वद दिवस राखून ठेवा. काम लांबलं की हेच दिवस खाल्ले जातात, कारण उद्घाटनाची तारीख जाहीर झालेली असते. तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार कुणाकडे आहे ते आजच लेखी ठरवून घ्या.

त्या नव्वद दिवसांत इमारत वापरून पाहायची. एका विभागात उरकेल अशी एक कसोटी सांगतो. एक जण २१४ क्रमांकाच्या दारापाशी उभा राहतो, दुसरा नियंत्रण कक्षात टचस्क्रीनपुढे. दुसऱ्याने २१४ दाबलं की २१४ च उघडतं का? इंटरकॉमचं बटण दाबल्यावर पडद्यावर २१४ च लुकलुकतं का, आणि कॅमेरा त्याच दारावर वळतो का? नकाशातले खोल्यांचे क्रमांक आणि दारावर रंगवलेले क्रमांक वेगळे असणं ही नव्या जेलांतली नेहमीची चूक, आणि ती मारामारी चालू असताना कळण्यापेक्षा आत्ता कळलेली बरी. असं प्रत्येक दार, प्रत्येक इंटरकॉम. मग दारं पुन्हा पुन्हा उघडून-मिटून पाहा, कारण चौकट किंचित वाकडी बसली असेल तर कुलूप पहिल्यांदा लागतं, विसाव्यांदा लागत नाही, पडद्यावर मात्र हिरवंच दिसतं.

एका विभागातली सगळी शौचकुपं एकाच वेळी फ्लश करा आणि खालच्या मजल्यावर माणूस उभा ठेवा. सगळे शॉवर एकदम सोडून सर्वांत लांबच्या शॉवरचं तापमान मोजा, ते १०० ते १२० फॅरनहाइटच्या मध्ये हवं. मुख्य वीज खरोखर तोडून जनरेटर किती सेकंदांत उचलतो आणि त्या सेकंदांत कुलपं कोणत्या स्थितीत राहतात ते पाहा. स्वयंपाकघरातून कर्मचाऱ्यांसाठी आठवडाभर जेवण काढा आणि शेवटच्या विभागात ट्रे पोचतो तेव्हा अन्न गरम आहे का ते थर्मामीटर लावून बघा. प्रत्येक किल्लीला क्रमांक, प्रत्येक जुडग्यावर किल्ल्यांची संख्या कोरलेली, आणि आणीबाणीची जुडगी वेगळी.

शेवटची झडती दोनदा घ्या, दुसऱ्या वेळी दुसऱ्या पथकाकडून. बांधकामाच्या माणसांनी जाणूनबुजून काही ठेवलं नसलं तरी ब्लेडचे तुकडे, सळया बांधायची तार, स्क्रू बेसिनखाली, छताच्या पॅनलवर, मातीत पुरलेले सापडतात. व्यायामाचं अंगण मेटल डिटेक्टरने पिंजून काढा. झडती झालेल्या विभागाला सील लावा आणि त्यानंतर कंत्राटदाराचा माणूस हत्यारांच्या मोजणीशिवाय आत जाणार नाही.

प्रशिक्षण त्याच इमारतीत, त्याच पाळीच्या माणसांसह, रात्रीचंसुद्धा. स्वयंसेवकांना कैदी बनवून एक रात्र बुकिंगपासून नाश्त्यापर्यंत चालवा. आगीचा सराव, बेशुद्ध कैदी, नियंत्रण कक्ष बंद पडणं, हे त्यातच उरका. पहिल्या आठवड्यांसाठी कुलूप आणि टचस्क्रीनवाल्या कंपनीचा तंत्रज्ञ जागेवर राहील असं करारात घाला. फोनवरून मदत पुरत नाही.

हलवताना कमी धोक्याचे, तब्येतीने ठणठणीत असे थोडे कैदी आधी आणा. त्यांच्यासह दोन-तीन दिवस एक विभाग चालवा, जेवण-धुलाई-औषधं यांतल्या अडचणी कळतील. मग बाकीचे गटागटाने. कमाल सुरक्षेचे वेगळ्या वेळी, वेगळ्या रस्त्याने. प्रत्येक बसची यादी, निघताना मोजणी, पोचल्यावर मोजणी, आणि दोन्ही जुळल्याशिवाय पुढची बस सुटत नाही. त्या दिवशी दोन्ही जेलं चालू असतात, म्हणजे माणसंही दुप्पट लागतात. शेजारच्या काउंट्यांची मदत आधीच मागून ठेवा.

प्रश्न : माझा भाचा जुन्या जेलमध्ये खटल्याची वाट बघतोय. नव्या जेलमध्ये नेणार म्हणतात, पण तारीख सांगत नाहीत. त्याला मधुमेह आहे. आम्ही काय करावं?
— एक वाचक, इलिनॉय

तारीख सुरक्षेसाठी गुप्त ठेवतात, त्याच्याबद्दल काही वेगळं घडतंय असं समजू नका. हलवण्याच्या आसपास दोन-तीन दिवस भेटी आणि फोन बंद राहू शकतात, त्याची सूचना शेरीफच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर येते. तिथल्या कैद्यांच्या यादीत त्याचं नाव कोणत्या इमारतीपुढे दिसतं ते पाहत राहा. पत्राचा पत्ता आणि भेटीची पद्धत बदलेल. फोन आणि कॅन्टीनच्या खात्यातले पैसे नव्या जेलमध्ये दुसरी कंपनी असेल तर आपोआप जातात का, ते आत्ताच विचारा. त्याच्या वकिलाला कळवून ठेवा, कारण वकिलाला संपर्क नाकारता येत नाही आणि कोर्टाची तारीख हलवण्याच्या दिवशी येत असेल तर तो आधी हालचाल करू शकतो.

मधुमेहाचं आजच करा. जेलच्या वैद्यकीय विभागाला फोन करून, आणि पाठोपाठ लेखी, कळवा : इन्सुलिन कोणतं, किती, दिवसातून किती वेळा, डॉक्टर कोण. वैद्यकीय कर्मचारी तुम्हाला त्याची माहिती देणार नाहीत, पण तुमच्याकडून माहिती घेऊ शकतात. फोन घेणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. नीट आखलेल्या हलवाहलवीत औषधं आणि कागद कैद्याबरोबर त्याच बसने जातात आणि इन्सुलिनवाल्यांची यादी नर्सच्या हातात असते. तरी भाच्यालाही सांगून ठेवा की बसमध्ये चढण्याआधी आणि नव्या जेलमध्ये उतरल्यावर, दोन्ही वेळा, आपल्याला मधुमेह आहे हे त्याने स्वतः नर्सला सांगावं आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला तेही.